नैराश्यावर मेंदूला चुंबकीय आणि विद्युत उत्तेजन : संशोधन नेमकं कुठवर आलंय?

मासुंदा

नमस्कार मंडळी. थोडं लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

माझी थोरली बहीण ऐरोलीला असते. शाळेत गणित शिकवते, सध्या रजेवर आहे. नैराश्याचं निदान होऊन बराच काळ झाला. दोन वेगवेगळ्या गटांतली औषधं पूर्ण मात्रेत, पुरेसे आठवडे घेऊन झाली. पहिल्या औषधाने काही फरक पडला नाही. दुसऱ्याने झोप सुधारली, पण भूक, उत्साह, माणसांत मिसळणं सगळं जिथल्या तिथे. आता तिच्या मानसोपचारतज्ज्ञांनी टीएमएस सुचवलंय. डोक्याला बाहेरून कॉइल लावून मेंदूच्या ठरावीक भागाला चुंबकीय उत्तेजन देतात. भूल नाही, शस्त्रक्रिया नाही.

भावोजींच्या डोक्यात 'शॉक' बसलाय आणि ते घाबरलेत. आईला वाटतंय की तिच्या मुलीवर प्रयोग चाललेत. मी रात्री जागून वाचत बसलो, तर एकीकडे '७९ टक्के रुग्ण बरे' अशा बातम्या आणि दुसरीकडे 'हे सगळं मनाचं समाधान' म्हणणारे लेख. मला दोन्हींवर विश्वास ठेवता येत नाहीये.

ज्यांना या संशोधनाची नीट माहिती आहे त्यांनी लिहावं. आणि ठाणे-नवी मुंबईत कुणी हा उपचार घेतला असेल तर रोजचा अनुभव सांगावा. दवाखान्यांची नावं नकोत, ते डॉक्टरांशी बोलून ठरवू. ताईला विचारूनच धागा काढलाय. ती वाचणार आहे, हे लक्षात ठेवून लिहा.

घोडबंदरकर

संशोधनाचं जाणकार सांगतील. मी एकच विचारतो, ताईंना रोज नेणार कोण? नेहमीच्या पद्धतीत आठवड्यातले पाच दिवस, असे चार ते सहा आठवडे जावं लागतं. माझ्या मेहुणीचा उपचार चालू होता तेव्हा सेशन छोटं आणि घोडबंदर रोडचा प्रवास मोठा, अशी अवस्था होती. नैराश्यातल्या माणसाला रोज कपडे बदलून घराबाहेर काढणं हेच अर्धं काम आहे. दवाखाना निवडताना मशीन किती नवीन हे बघता तसं स्टेशनपासून किती लांब हेही बघा.

सर्किटवाला

पेशाने इलेक्ट्रॉनिक्स इंजिनियर, डॉक्टर नाही. भावोजींची भीती कमी व्हावी म्हणून यंत्र कसं चालतं तेवढं सांगतो.

फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं की बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे जवळच्या वाहकात वीज निर्माण होते. घरची इंडक्शन शेगडी याच तत्त्वावर चालते: वीज शेगडीच्या कॉइलमध्ये सोडतात, पण प्रवाह तयार होतो तो वरच्या भांड्याच्या बुडात. टीएमएसमध्ये इंग्रजी आठच्या आकाराची कॉइल डोक्यावर टेकवतात आणि तिच्यातून सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी काळ जोरदार प्रवाह सोडतात. त्या क्षणी क्षेत्राची ताकद साधारण दीड-दोन टेस्ला होते, म्हणजे एमआरआय मशीनच्या आसपास, पण क्षणभरच. कवटी विजेला अडवते, चुंबकीय क्षेत्राला अडवत नाही. त्यामुळे कॉइलखालच्या दोन-तीन सेंटीमीटरपर्यंतच्या चेतापेशींत बारीकसा प्रवाह तयार होतो आणि त्या पेशी संदेश सोडतात. डोक्याला वायर जोडून वीज सोडतात असं काही नाही.

मेंदूसाठी असं यंत्र पहिल्यांदा दाखवलं ते इंग्लंडमधल्या शेफील्डच्या अँथनी बार्करने, १९८५ साली. तेव्हा उद्देश नैराश्याचा नव्हता, मेंदूपासून स्नायूंपर्यंतचे मार्ग तपासायचे होते.

पारसिक

मी घेतलाय हा उपचार. कळव्याहून जात होते.

पहिल्या दिवशी वेळ जातो तो मोजमापात. कॉइल डोक्यावर फिरवत एक जागा शोधतात, जिथे ठोका दिला की हाताचा अंगठा आपोआप हलतो. मी तो हलवला नव्हता आणि तो हलला, तेव्हा मला अचानक हसू आलं. कित्येक महिन्यांत हसले नव्हते, सोबत आलेला माझा मुलगा टेक्निशियनकडे बघतच राहिला. त्या अंगठ्यावरून तुमच्या मेंदूला किती ताकद लागते ते ठरवतात. मग कॉइल पुढे, डाव्या बाजूला कपाळाच्या वरच्या भागावर आणतात.

आवाज मोठा असतो, टकटक टकटक. कानात बोळे देतात, ते मागून घ्याच. सुरुवातीला भुवईजवळ टोचतं, डोळा फडफडतो, घरी गेल्यावर डोकं दुखतं. आठवड्याभरात त्याची सवय झाली. बाकी पूर्ण जागी असायचे, नंतर स्वतःची स्वतः ट्रेनने घरी.

फरक? तिसरा आठवडा संपेपर्यंत काही नाही. मी सोडून देणार होते. मग एका सकाळी मुलाने चहा केला आणि मी त्याला आलं कमी पडलंय म्हणून सांगितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण मी कशाचीच चव सांगणं सोडून दिलं होतं. मी पूर्ण बरी झाले असं म्हणणार नाही. गोळ्या चालू आहेत, समुपदेशन चालू आहे. पण कामावर परत गेले.

मासुंदा

पारसिक ताई, मनापासून आभार. हे ताईला वाचून दाखवलं.

उपवन_फेरी

सगळ्यांचा मान राखून सांगतो, मशीन वगैरे शेवटचा पर्याय. रोज पहाटे उपवनला चार फेऱ्या, प्राणायाम, चांगले विचार. मन खंबीर केलं की सगळं जातं. आमच्या पिढीत कुठे होतं हे डिप्रेशन?

पारसिक

@उपवन_फेरी काका, तुम्ही भल्यासाठीच सांगताय हे कळतंय. व्यायामाचा नैराश्यात उपयोग होतो, माझे डॉक्टरही तेच सांगतात. पण ज्या बाईला अंथरुणातून मोरीपर्यंत जाता येत नाही तिला उपवनला चला म्हणणं म्हणजे आधीच हरल्यासारखं वाटणाऱ्या माणसाला आणखी एकदा हरवणं आहे. मी ते ऐकलंय, म्हणून कळकळीने सांगते. आणि तुमच्या पिढीत हे होतं हो. आमच्या चाळीतल्या एक मावशी वर्षभर खिडकीपाशी बसून असायच्या. त्यांना कुणी डॉक्टरकडे नेलंच नाही.

निरंजना

मी औषधांच्या चाचण्यांची आकडेवारी बघते, तेच माझं काम. मूळ प्रश्नाकडे येते.

'७९ टक्के' कुठून आलं ते आधी सांगते. स्टॅनफर्ड विद्यापीठात नोलन विल्यम्स यांच्या गटाने एक वेगवान पद्धत तयार केली: दिवसाला दहा सेशन, पाच दिवस, आणि कॉइल कुठे ठेवायची ते प्रत्येकाच्या एमआरआयवरून ठरवायचं. आधी २१ जणांवर खुली, म्हणजे नकली गट नसलेली, चाचणी झाली, त्यात १९ जणांची लक्षणं जवळपास गेली. मग नकली, म्हणजे उत्तेजन न देणाऱ्या कॉइलशी तुलना केली. त्या चाचणीत खऱ्या उपचारात ७९ टक्के आणि नकलीत १३ टक्के लोक बरे झाले. आता बातमीत नसलेला भाग: चाचणीत एकूण माणसं होती २९. खऱ्या उपचाराच्या गटात १४. म्हणजे ७९ टक्के म्हणजे ११ माणसं. फरक मोठा आहे, अमेरिकेच्या एफडीए या नियामक संस्थेने २०२२ मध्ये त्याला मान्यताही दिली, मला स्वतःला ते आशादायक वाटतं. पण ११ माणसांवरून तुमच्या ताईचं भाकीत करता येत नाही.

नेहमीच्या टीएमएसला एफडीएची मान्यता २००८ ची. त्यामागची मोठी चाचणी ३०१ रुग्णांची होती आणि तिच्यातला मुख्य निकष संख्याशास्त्राच्या काठावर अडकला होता, म्हणजे फरक खरा की योगायोग हे पक्कं ठरलं नव्हतं. नंतर अमेरिकेच्या सरकारी पैशातून १९० जणांवर चाचणी झाली, २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात नकली कॉइल इतकी हुबेहूब बनवली होती की टोचणं आणि आवाजही तसाच. निकाल: खऱ्या उपचारात १४ टक्के बरे, नकलीत ५ टक्के.

म्हणजे परिणाम खरा आहे, नुसतं मनाचं समाधान नव्हे. पण जाहिरातीत दाखवतात तितका मोठाही नाही.

सर्किटवाला

१४ टक्केच? मग एवढा खटाटोप कशाला?

वाशीखाडी

मी मानसोपचार विभागात काम करतो, नवी मुंबईत. निरंजना यांचे आकडे बरोबर आहेत, पण त्यांच्या जोडीला दुसरी बाजू ठेवायला हवी.

नेहमीच्या टीएमएसच्या त्या दोन चाचण्यांत आधीची औषधं बंद केलेली होती आणि रुग्ण औषधांनी बरे न झालेले होते. अशा रुग्णांत पुढचं औषधसुद्धा फारसं चालत नाही. अमेरिकेतल्या स्टार-डी अभ्यासात औषधं पायरीपायरीने बदलून पाहिली, त्यात पहिल्या औषधाने साधारण तिघांत एक बरा झाला, आणि तिसऱ्या-चौथ्या पायरीवर हे प्रमाण १३-१४ टक्क्यांवर आलं. तुलना या १३-१४ टक्क्यांशी करा. शिवाय प्रत्यक्ष दवाखान्यात औषध चालू ठेवून, जास्त आठवडे टीएमएस दिलं जातं. अमेरिकेतल्या ४२ केंद्रांतल्या ३०७ रुग्णांच्या नोंदी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाल्या, त्यात डॉक्टरांच्या मोजमापानुसार ५८ टक्क्यांना चांगला फरक पडला आणि ३७ टक्के जवळपास बरे झाले. तिथे नकली गट नव्हता, त्यामुळे खरं उत्तर या दोन टोकांच्या मधे कुठेतरी आहे. मी रुग्णांना असंच सांगतो.

वेळेबद्दल: जुन्या पद्धतीत एक सेशन साडेसदतीस मिनिटांचं. थीटा बर्स्ट नावाची पद्धत तीन मिनिटांची. कॅनडात ४१४ रुग्णांवर दोन्हींची तुलना झाली, 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१८ ला आली, आणि तीन मिनिटांची पद्धत कमी पडली नाही. मासुंदा, डॉक्टरांना विचारा तुमच्याकडे कोणती पद्धत आहे. घोडबंदरकर म्हणतात तो प्रवासाचा मुद्दा मला अगदी पटतो, अर्ध्यावर सोडणारे रुग्ण बहुतेक त्यामुळेच सोडतात.

धोका: फिट येण्याची शक्यता हजारात एकापेक्षाही कमी. कानात कॉक्लियर इम्प्लांट किंवा डोक्यात धातूची क्लिप असेल तर टीएमएस नाही. आधी कधी फिट आली असेल, दारू असेल, झोप अगदीच होत नसेल, तर ते लपवू नका.

कोपरी_पूर्व

भावोजींच्या 'शॉक'च्या भीतीबद्दल लिहायचं होतं. टीएमएस म्हणजे शॉक नव्हे हे वर आलंच. पण शॉकलाही इतकं घाबरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

माझ्या सासूबाईंना उतारवयात नैराश्य आलं. नुसतं उदास नाही, घरच्यांनी आपल्याला विष घातलंय असं त्यांना वाटायचं. अन्नपाणी सोडलं. वजन इतकं उतरलं की आम्ही आशा सोडली होती. डॉक्टरांनी ईसीटी, म्हणजे ज्याला लोक शॉक म्हणतात ती, सुचवली. नातेवाइकांत केवढा गोंधळ! 'म्हातारीला करंट देणार' म्हणून दीर घरी येऊन भांडले. शेवटी नवऱ्याने सही केली. भूल देऊन, स्नायू शिथिल करणारं औषध देऊन करतात. बाहेर बसलेल्या मला काही ऐकूसुद्धा आलं नाही. काही सेशन झाल्यावर त्यांनी स्वतःहून पेज मागितली.

त्या काळातल्या बऱ्याच गोष्टी त्यांना आठवत नाहीत. नातीचं बारसं झालेलं आठवत नाही, ते वाईट वाटतं. पण नात आज त्यांच्या मांडीवर खेळते.

वाशीखाडी

कोपरी_पूर्व, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. ईसीटी १९३८ मध्ये रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी सुरू केली, तेव्हा भूल नसायची आणि तीच प्रतिमा लोकांच्या मनात राहिली. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध न देता ईसीटी करायला बंदी आहे. अन्नपाणी सोडलेल्या, भास-भ्रम असलेल्या, जिवावर बेतलेल्या नैराश्यात आजही तिच्याइतका प्रभावी उपचार नाही. तिथे टीएमएसची वाट बघत बसू नये. स्मरणशक्तीचा त्रास मात्र खरा आहे, तो कुटुंबाला आधीच सांगायला हवा.

चेंदणी

दीर भांडले ते समजू शकते. आपल्याकडे लहानपणापासून 'याला ठाण्याला पाठवा' ऐकत मोठे झालो ना. मी ठाण्याचीच, कॉलेजात मुंबईच्या मुली पत्ता ऐकून हसायच्या.

घोडबंदरकर

अगदी! आमच्याकडे सोयरीक जमवायला आलेल्या पाहुण्यांनीही तो विनोद केला होता. आजोबांनी शांतपणे सांगितलं, आमच्या गावात उपचाराची सोय आहे, तुमच्या गावात काय आहे?

चेंदणी

आजोबांना नमस्कार! ठाण्याचं ते मनोरुग्णालय १९०१ पासूनचं आहे. आता त्याच्या जागेवर ठाणे-मुलुंडच्या मधलं नवं स्टेशन होतंय. निदान स्टेशनमुळे लोकांचं तिथे जाणं-येणं सुरू होईल आणि भिंतीपलीकडेही आपल्यासारखीच माणसं आहेत हे दिसेल.

सीवूड्स_सागर

माझ्या वडिलांना पार्किन्सन्स आहे आणि त्यांच्या मेंदूत डीबीएसची, म्हणजे खोलवर विद्युत उत्तेजन देणारी, तार बसवलीय. कंप खूप कमी झाला. तेच नैराश्यावर का करत नाहीत? एकदा बसवलं की रोजचा प्रवासही नको.

निरंजना

केलंय, आणि ती गोष्ट या सगळ्या संशोधनातली मला सर्वांत शिकण्यासारखी वाटते.

हेलन मेबर्ग या मेंदूशास्त्रज्ञ. त्यांना मेंदूच्या चित्रणांत दिसलं की मेंदूत खोलवर असलेला 'क्षेत्र २५' नावाचा भाग नैराश्यात जास्त जागा असतो आणि रुग्ण बरा झाला की शांत होतो. टोरंटोला शल्यचिकित्सक आंद्रेस लोझानो यांच्यासोबत त्यांनी सहा रुग्णांच्या त्या भागाजवळ तारा बसवल्या. हे सगळे रुग्ण औषधं, समुपदेशन, बहुतेक ईसीटीसुद्धा करून थकलेले होते. शस्त्रक्रियेच्या वेळी ते जागे होते, आणि विद्युतप्रवाह सुरू केल्यावर काहींनी तिथल्या तिथे सांगितलं की एकदम हलकं वाटतंय, खोलीतले रंग उठून दिसतायत. सहा महिन्यांनी सहापैकी चौघांचा फरक टिकून होता. हे २००५ मध्ये प्रसिद्ध झालं आणि जगभर खळबळ उडाली.

मग यंत्र बनवणाऱ्या कंपनीने मोठी चाचणी केली, ९० रुग्ण. सगळ्यांच्या तारा बसवल्या, पण काहींचा प्रवाह सहा महिने बंद ठेवला. निकाल: चालू असलेल्यांत २० टक्क्यांना फरक, बंद असलेल्यांत १७ टक्क्यांना. म्हणजे काहीच फरक नाही. चाचणी गुंडाळली.

गंमत पुढे आहे. त्याच रुग्णांचा प्रवाह चालू ठेवून दोन वर्षं पाहिलं तर साधारण निम्म्यांना चांगला फरक पडलेला होता. म्हणजे सहा महिने हा काळच कमी होता का? की तारेची जागा थोडी चुकली? यावर अजून काम चालू आहे. २०२३ मध्ये मेबर्ग यांच्या गटाने दहा रुग्णांवरच्या अभ्यासात मेंदूतले संकेत बसवलेल्या यंत्रातूनच नोंदवून दाखवलं, की रुग्ण बरा होत चाललाय की घसरतोय ते त्यावरून कळू शकतं. दहातल्या नऊ जणांना फरक पडला. इथेही पुन्हा माणसं दहाच, हे विसरू नका.

वाशीखाडी

त्यात एक भर. २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉक्टरांनी एकाच रुग्ण महिलेच्या मेंदूत असं यंत्र बसवलं जे सतत प्रवाह देत नाही. ते अमिग्डाला या भागातली विशिष्ट हालचाल ओळखतं आणि ती दिसली की दुसऱ्या भागाला सहा सेकंद उत्तेजन देतं. मूळचं यंत्र अपस्माराच्या रुग्णांसाठी बनलेलं. एकच रुग्ण आहे, पण प्रत्येकाचं नैराश्य मेंदूत वेगळ्या जागी, वेगळ्या रीतीने चालतं या विचाराला त्यातून बळ मिळालं.

सागर, पार्किन्सन्ससाठी डीबीएस हा प्रस्थापित उपचार आहे. नैराश्यासाठी तो अजून संशोधनाच्या टप्प्यात आहे. आपल्या कायद्यातही मानसिक आजारासाठी मेंदूची शस्त्रक्रिया करायची तर रुग्णाची संमती आणि मंडळाची परवानगी, दोन्ही लागतात. ते योग्यच आहे.

खारघर_हॉस्टेल

टीडीसीएस म्हणून डोक्याला बाहेरून मंद वीज द्यायचा अजून एक प्रकार आहे ना? एक-दोन मिलिअँपिअर, नऊ व्होल्टची बॅटरी आणि दोन स्पंज. व्हिडिओ बघून घरी बनवता येईल. महागडं टीएमएस कशाला?

सर्किटवाला

नको रे बाबा. सर्किट सोपं आहे म्हणूनच सांगतो, नको. स्पंज सुकला की एका बिंदूतून प्रवाह जातो आणि कातडी भाजते. प्रवाह मर्यादित ठेवणारं सर्किट बिघडलं तर तुला कळणारही नाही.

निरंजना

आणि उपयोगाचं म्हणशील तर निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. ब्राझीलमध्ये २४५ रुग्णांवर औषधाशी तुलना झाली, २०१७ मध्ये, तेव्हा ते औषधाच्या तोडीचं ठरलं नाही. जर्मनीत औषधासोबत देऊन पाहिलं, २०२३ मध्ये निकाल आला, नकलीपेक्षा सरस नाही. ब्रिटन-अमेरिकेत १७४ जणांनी घरी वापरून पाहिलं, डॉक्टर व्हिडिओवरून लक्ष ठेवत होते, २०२४ चा निकाल चांगला आला. पण ते तयार केलेलं, तपासलेलं यंत्र होतं आणि कुणीतरी देखरेखीला होतं. हॉस्टेलच्या खोलीत एकट्याने बॅटरी लावणं ही वेगळी गोष्ट आहे.

वाशीखाडी

@खारघर_हॉस्टेल, स्वतःसाठी विचारत असशील तर मोकळेपणी सांग. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलतात. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलास तरी चालेल.

खारघर_हॉस्टेल

व्यनि केलाय.

विमा_पाठपुरावा

पैशाचं कुणीच बोललं नाही म्हणून. २०१७ च्या कायद्याच्या कलम २१ मध्ये लिहिलंय की विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने संरक्षण द्यायचं. पण टीएमएस हा रोज जाऊन घरी यायचा उपचार, आणि पुष्कळ पॉलिसींना चोवीस तास दाखल असणं लागतं. तिथे क्लेम अडतो. माझ्या भावाचा अडला होता. मी पॉलिसीतली डे-केअरची यादी आणि ओपीडीचं कलम काढून, डॉक्टरांकडून आधी कोणती औषधं किती आठवडे दिली याचं पत्र घेऊन पुन्हा अर्ज केला. काही भाग मिळाला.

आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेने २०१९ मध्ये आधुनिक उपचारांची यादी दिली, तिच्यात डीबीएस आहे, टीएमएस नाही. त्यामुळे आधी लेखी विचारा. आणि पूर्ण कोर्सचे पैसे एकरकमी मागणाऱ्या ठिकाणी, मधेच थांबलो तर किती परत मिळतील हे लिहून घ्या.

येऊर_पायथा

मी उलट बाजू सांगतो, कारण ती कुणीतरी सांगायला हवी. माझ्या पत्नीला टीएमएसचा काहीही उपयोग झाला नाही. पूर्ण कोर्स केला, एकही सेशन बुडवलं नाही. शेवटच्या दिवशी ती म्हणाली, 'मशीनसुद्धा मला बरं करू शकलं नाही.' ते वाक्य मला अजून लागतं. आम्ही तिला आशा फार मोठी दाखवली होती, दवाखान्यातल्या भिंतीवरच्या पोस्टरनेही दाखवली होती.

नंतर औषधाचं मिश्रण बदललं, थायरॉइडचा बिघाड सापडला, आणि हळूहळू ती सावरली. मासुंदा, ताईंना उपचार जरूर द्या. पण सुरू करायच्या आधीच डॉक्टरांसमोर बसून ठरवा की हे नाही चाललं तर पुढे काय. पुढची पायरी ठाऊक असली की पाय घसरला तरी माणूस तळाला जात नाही.

वाशीखाडी

येऊर_पायथा, हे माझ्या सगळ्या प्रतिसादांपेक्षा मोलाचं आहे. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन आणि कधी काळी अतिउत्साहाचा झटका येऊन गेलाय का, हे टीएमएसच्या आधी पुन्हा तपासायलाच हवं.

घोडबंदरकर

एमआरआय काढून जागा ठरवणारं महागडं पॅकेज घ्यावं का? मेहुणीला तेच गळ्यात मारलं होतं.

निरंजना

ब्रिटनमध्ये २५५ रुग्णांवर याच्या जवळचं तपासलं, २०२४ मध्ये आलं. एमआरआयमध्ये दिसणाऱ्या मेंदूतल्या जोडण्यांवरून नेमलेली जागा आणि साध्या एमआरआयवरून ठरवलेली जागा, दोन्हींत फरक सापडला नाही. दोन्ही गट सुधारले आणि सहा महिन्यांपर्यंत बराच फरक टिकला. माझं मत: पैसे मर्यादित असतील तर ते आधी समुपदेशनावर आणि प्रवासावर घाला.

मासुंदाची_ताई

धाग्यावर ज्या ताईबद्दल बोललं जातंय ती मीच. भावाने आयडी काढून दिला.

दोन दिवस वाचतेय. सलग वाचता येत नाही, ओळ हातातून सुटते, म्हणून वेळ लागला. निरंजना, तुमचे आकडे मला आवडले. बरेच महिने लोक माझ्याशी फक्त 'होईल गं सगळं नीट' असं बोलतात. तुम्ही १४ आणि ५ सांगितलंत. १४ लहान आहे हे मला कळतं, पण ५ पेक्षा जास्त आहे हेही कळतं, आणि मला कुणी खोटं सांगत नाहीये याने बरं वाटलं.

येऊर_पायथा, तुमच्या पत्नींना सांगा की त्यांचं वाक्य वाचून मी आज डॉक्टरांना विचारलं, नाही चाललं तर काय? त्यांनी कागदावर पुढच्या दोन पायऱ्या लिहून दिल्या. तो कागद भावोजी म्हणजे माझे यजमान पाकिटात ठेवून फिरतायत. कोपरी_पूर्व यांचा प्रतिसाद आईनेही वाचला. ती म्हणाली, करून बघ.

तीन मिनिटांची पद्धत आहे म्हणाले. सोमवारपासून सुरू. ठाण्याला, स्टेशनजवळ.

एक शंका. मला रात्रीसाठी क्लोनाझेपामची गोळी आहे. ती चालू ठेवायची का?

वाशीखाडी

ताई, मोजमापाच्या आधी ती गोळी डॉक्टरांना आवर्जून सांगा. या गटातल्या गोळ्यांनी उत्तेजनाचा परिणाम कमी पडू शकतो असं काही अभ्यासांत दिसलंय, म्हणून डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवायचा विचार करतील. पण स्वतःहून एकदम बंद करू नका. ती अचानक सोडली तर झोप बिघडते आणि फिट येण्याचा धोका वाढतो. कोर्स चालू असताना कोणतंही औषध बदललं, अगदी सर्दीतापाचं सुरू झालं, तरी टेक्निशियनला सांगायचं. गरज पडली तर ते अंगठ्याचं मोजमाप पुन्हा घेतील.

मासुंदाची_ताई

सांगते. घोडबंदरकर, नेण्या-आणण्याचं अजून जमलेलं नाही. सोम, बुध भाऊ येईल, शुक्रवारी यजमान. मंगळवार-गुरुवार कुणी नाही. एकटीने ट्रेन पकडायचा आत्मविश्वास सध्या नाही.

पारसिक

माझा मुलगा रबाळ्याला कामाला असतो, मंगळवारी त्याला सुट्टी. विचारते त्याला.

चेंदणी

गुरुवारी मी घणसोलीहून ठाण्याला येतेच, सकाळची वेळ असेल तर ऐरोलीला एकाच डब्यात चढू. गप्पा मारायच्या नसतील तर नाही मारायच्या. ताई, नंबर व्यनि केलाय.

मासुंदाची_ताई

मिळाला. सकाळचीच वेळ आहे.